तीन की तीन तीन?

एक साधं गणित बघा. एसटीत ४० प्रवासी होते. वाटेतल्या दोन थांब्यांवर ३ प्रवासी उतरले. बसमध्ये किती उरले? उत्तर ३७.

आता हेच गणित तुम्ही वाचत नाही आहात, ऐकत आहात असं समजा. आणि वाचून दाखवणारा 'तीन' हा शब्द दोनदा म्हणतो. "दोन थांब्यांवर तीन तीन प्रवासी उतरले." झालं, उत्तर बदललं. मराठीत आकडा दोनदा आला की त्याचा अर्थ 'प्रत्येकी' असा होतो. दोन थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन, म्हणजे सहा उतरले. उत्तर ३४. पर्यायांत ३७ आणि ३४ दोन्ही असतील (प्रश्न काढणारा हुशार असला तर असतातच), तर ऐकणाऱ्याला काही गडबड आहे असा संशयसुद्धा येणार नाही. तो ३४ वर खूण करेल आणि पुढच्या प्रश्नाकडे वळेल.

हा प्रश्न माझ्या आतेभावाच्या सराव संचातला आहे. मी त्याला दादा म्हणतो. तो रिसोडला राहतो, सरळसेवा भरतीची तयारी करतो, आणि गेली काही वर्षं त्याला छापलेलं वाचता येत नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोसा. या आजारात आधी रात्रीचं दिसणं कमी होतं, मग नजरेच्या कडा हळूहळू आत सरकत येतात. बारावीपर्यंत तो पहिल्या बाकावर बसून फळा वाचायचा. आता त्याच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे आणि त्यावर एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन प्रोग्रामरांनी ते उभं केलं. काम २००६ मध्ये सुरू झालं. ते फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि त्याला मराठी वाचता येतं. आवाज यंत्राचा आहे, पण दादा तो अशा वेगाने ऐकतो की शेजारी बसलेल्या माणसाला ती कुठली भाषा आहे हेही कळू नये.

सराव संच आमच्या जिल्ह्यातल्या एका क्लासचा. ९६ पानांचं पुस्तक. दादाने पीडीएफ मागितली, सरांनी कुरकुर न करता दिली. कायदाही त्यांच्या बाजूने होताच: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तीसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात करून द्यायला मोकळीक आहे. सरांनी पुस्तक लावणाऱ्या डीटीपी ऑपरेटरला सांगितलं, की फाइल आंधळ्या मुलाला ऐकता येईल अशी काढून दे. त्याने एक्सपोर्ट करताना 'टॅग्ड पीडीएफ'च्या चौकटीत टिक केली आणि फाइल पाठवली. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं.

दिवाळीला मी पुण्याहून ट्रॅव्हल्सने घरी आलो. आमचं घर मालेगावचं. वाशिमचं मालेगाव, नाशिकचं नव्हे. हे वाक्य आम्हाला जन्मभर म्हणावं लागतं. भाऊबीजेला रिसोडला आत्याकडे गेलो, तर दादाने ओवाळणी व्हायच्या आत लॅपटॉप समोर ठेवला.

"हे पाय बरं काय होऊन रायलं. काही काही शब्द दोनदा येतात."

मी स्क्रीनवर पाहिलं. शब्द एकदाच होता.

"दादा, मला तर एकदाच दिसतोय."

"तुले काय दिसते ते तुह्यापाशी ठेव. मले काय आयकू येते ते आयक."

त्याने हेडफोनची पिन काढली आणि आवाज खोलीत सोडला.

*

पुढचा तासभर आम्ही फक्त ऐकलं. मी वहीत लिहीत गेलो. दुखणं एक नव्हतं, चार होती.

पहिलं: ठळक केलेले शब्द दोनदा. "खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही नाही?" प्रश्नातला 'नाही' ठळक करायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. कानाला मात्र तो प्रश्न वाटेना, कुणीतरी घाबरून नकार देतंय असं वाटत होतं.

दुसरं: दर पानाच्या वर छापलेलं पुस्तकाचं नाव काही पानांवर मधेच येऊन आदळायचं. प्रश्न एका पानावर सुरू होऊन पुढच्या पानावर संपत असला, की वाक्याच्या पोटात पुस्तकाचं नाव.

तिसरं: आकृत्या. 'पाण्याचे चक्र' या चित्रावर बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य असे शब्द होते. चित्राचं वर्णन वाचून झालं, की तेच शब्द सुटेसुटे पुन्हा ऐकू यायचे.

चौथं: शेवटची दहा-बारा पानं अख्खीच्या अख्खी दोनदा. एकदा बऱ्यापैकी, एकदा मोडक्या अक्षरांत.

दादाची तक्रार वैतागाची नव्हती, हिशोबाची होती. "आयकाले दुप्पट टाइम लागते, ते चालते. पण कोणतं दोनदा लिवलं हाये अन् कोणतं ह्या मशीननं दोनदा म्हटलं, हे मले कसं समजन?"

हाच खरा प्रश्न होता. पण त्याच्यापर्यंत जायच्या आधी पीडीएफ म्हणजे काय, हे थोडं समजून घ्यावं लागेल.

*

पीडीएफ दिसते पानासारखी, पण असते पान काढायची कृती. आपण पुरणपोळीची कृती लिहितो ना, तशी. अमुक फॉन्ट घे. डावीकडून इतकं, खालून इतकं अंतर मोज. तिथे हे चिन्ह ठेव. आता थोडं उजवीकडे सरक. पुढचं चिन्ह ठेव. जॉन वॉरनॉक यांनी १९९१ मध्ये अडोबीमध्ये ही कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आली. कुठल्याही संगणकावर, कुठल्याही प्रिंटरवर पान हुबेहूब तेच दिसावं, एवढाच तिचा हेतू. ते काम तिने इतकं चांगलं केलं, की आज लग्नपत्रिकेपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं तिच्यातच फिरतं.

पण या कृतीत 'हा शब्द आहे', 'हे शीर्षक आहे', 'हे आधी वाच, ते नंतर' असं काही लिहिलेलं नसतं. आणि एकाच जागी तेच चिन्ह दोनदा ठेवायलाही बंदी नसते. कागदावर शाईवर शाई पडते, दिसतं एकच.

ऐकणाऱ्यांसाठी सोय झाली ती नंतर. २००१ च्या आवृत्तीत टॅग आले. पानाच्या कृतीबरोबर फाइलमध्ये एक झाड ठेवायचं: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे चित्र आणि हे त्याचं वर्णन. स्क्रीन रीडर पान बघत नाही, या झाडावरून फांदी फांदी चालत जातो. ज्या गोष्टी निव्वळ सजावटीच्या, म्हणजे किनार, रेघा, वर छापलेलं पुस्तकाचं नाव, त्यांच्यावर 'आर्टिफॅक्ट' असा शिक्का मारायचा. अर्थ असा की हे दिसू दे, पण वाचू नको. २००८ मध्ये पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि २०१२ मध्ये ऐकता येणाऱ्या पीडीएफचं वेगळं मानक आलं, पीडीएफ/यूए.

म्हणजे आता एका फाइलमध्ये दोन पुस्तकं असतात. एक डोळ्यांचं, एक कानांचं. छापखान्यात पहिलं तपासलं जातं. दुसरं कुणी उघडतही नाही.

*

घरी येऊन मी फाइल उघडून बसलो. पहिल्यांदा वापरलं पीडीएफमधला मजकूर बाहेर काढणारं एक जुनं, भरवशाचं साधन. त्याने सगळे शब्द एकदाच दिले. 'नाही' एकदा, 'तीन' एकदा. दादाने ऐकवलं नसतं, तर फाइल निरोगी आहे असंच कुणीही म्हटलं असतं.

कारण शोधायला त्या साधनाचा कोड वाचला. त्यात चक्क लिहिलेलं आहे, की एकमेकांवर पडलेला सारखाच मजकूर दिसला तर एक प्रत टाकून द्यायची, कारण लोक अक्षर ठळक करायला किंवा सावली द्यायला तेच अक्षर दोनदा छापतात. जावामधल्या एका प्रसिद्ध पीडीएफ लायब्ररीतही असाच पर्याय आहे. म्हणजे हे दुखणं जगभर इतकं जुनं आहे, की प्रोग्रामरांनी कधीच त्यावर पांघरूण घालून ठेवलंय. फक्त ते पांघरूण दादाच्या स्क्रीन रीडरपर्यंत पोचत नाही. तो झाडावरून चालतो, आणि झाडावर दोन फांद्या असल्या तर दोन्ही वाचतो. त्याचं बरोबरच आहे.

मग तपासणीचं एक फुकट सॉफ्टवेअर चालवलं. ते पीडीएफ/यूएचे नियम एकेक करून तपासतं. निकाल जवळपास सगळा हिरवा. इथेही कारण आहे. या मानकासाठी बिघाडांची एक यादी केलेली आहे, मॅटरहॉर्न प्रोटोकॉल नावाची. तीत १३६ प्रकारचे बिघाड आहेत, आणि त्यांतल्या ४७ बिघाडांपुढे लिहिलं आहे, की हे माणसानेच ठरवायचं. प्रत्येक शब्दाला टॅग आहे का, हे यंत्र सांगतं. तो शब्द तिथे असायला हवा होता का, हे सांगत नाही. दोनदा आलेल्या 'नाही'ला दोन्ही वेळा व्यवस्थित टॅग होता.

तेव्हा टॅगचं झाड उघडून हाताने चालायला लागलो, आणि चार दुखण्यांची चार मुळं सापडली.

पुस्तकाचं नाव: इनडिझाइनमध्ये मास्टर पेजवर ठेवलेला मजकूर एक्सपोर्ट होताना आपोआप आर्टिफॅक्ट होतो. पण एखाद्या पानावर त्याची जागा हलवायची म्हणून तो मास्टरपासून सोडवला, की तो त्या पानाचा साधा मजकूर बनतो आणि झाडावर चढतो. काही पानांवर आकृती मोठी होती, तिथे नाव जरा वर सरकवलं होतं. त्याच पानांवर ते ऐकू येत होतं.

आकृती: चित्राच्या गटाला वर्णन दिलेलं होतं, ही चांगली गोष्ट. पण गटाच्या आत नावं जिवंत मजकूर म्हणून तशीच होती. वर्णनही वाचलं जातं, आतलंही.

शेवटची पानं: ती जुन्या आवृत्तीतून स्कॅन केलेली. स्कॅनवर एकदा ओसीआर झालेलं होतं, म्हणजे चित्रामागे अदृश्य अक्षरं आधीच बसवलेली होती. पुढे कुणीतरी खबरदारी म्हणून पूर्ण फाइलवर पुन्हा ओसीआर चालवलं. अदृश्य अक्षरांवर अदृश्य अक्षरं.

आणि ठळक शब्द. तिथे प्रत्येक शब्दावर एक इवलीशी फ्रेम होती, तिच्यात तोच शब्द, केसभर उजवीकडे. फ्रेम वाक्यातच अँकर केलेली, म्हणजे मजकूर हलला तरी ती शब्दासोबत हलावी. त्यामुळे झाडावरही ती त्याच शब्दाच्या शेजारी. तीन, आणि लगेच तीन.

*

माझ्या जागी कुठल्याही प्रोग्रामरच्या डोक्यात जो उपाय येईल, तोच माझ्या आला. लागोपाठ तोच शब्द दोनदा आला तर एक उडवायचा. चार ओळींची स्क्रिप्ट. इंग्रजीसाठी हे बऱ्यापैकी चालतं; वर्ड प्रोसेसर लागोपाठच्या सारख्या शब्दांखाली लाल रेघ मारतो तो याच हिशोबाने.

चालवायच्या आधी मी पुस्तकातला मराठी व्याकरणाचा भाग काढला. प्रकरणाचं नाव: अभ्यस्त शब्द. स्पर्धा परीक्षा दिलेल्या कुणालाही हे पाठ असेल. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक. हळूहळू, गोडधोड, किरकिर. उदाहरणांची वाक्यं: 'कधी कधी तो येतो.' 'लहान लहान मुले खेळत होती.' 'जाता जाता तो थांबला.'

माझ्या चार ओळींनी या प्रकरणाचा चुराडा केला असता. 'लहान मुले खेळत होती.' वाक्य बरोबर आहे, पण प्रश्नच नाहीसा झाला.

आणि हे फक्त व्याकरणाच्या प्रकरणापुरतं नाही. मराठी माणूस दोनदा बोलतो. 'लाल लाल टोमॅटो' म्हणजे चांगले पिकलेले. 'गरम गरम' म्हणजे आत्ताच तव्यावरून उतरलेलं. 'बघता बघता' म्हणजे नकळत. 'कोण कोण आलं होतं?' म्हणजे एकेकाचं नाव सांग. 'दहा दहा रुपये द्या' आणि 'दहा रुपये द्या' यांत चार जणांच्या टेबलावर तीस रुपयांचा फरक पडतो. द्विरुक्ती ही आपल्याकडे कामाची वस्तू आहे. तिने अनेकवचन होतं, वाटणी होती, जोर येतो, वेळ लांबतो. आणि म्हणूनच फाइलमधली द्विरुक्ती मराठीत जास्त धोक्याची. इंग्रजीत दोनदा आलेला शब्द बहुतेक वेळा चूक म्हणून कानाला टोचतो. मराठीत तो अर्थ म्हणून खपून जातो.

दादाने हेच विचारलं होतं. कोणतं दोनदा लिहिलंय आणि कोणतं यंत्राने दोनदा म्हटलं?

मजकुराकडे बघून याचं उत्तर मिळत नाही. उत्तर मिळतं जागेकडे बघून. 'लहान लहान' मधला दुसरा 'लहान' पहिल्याच्या पुढे असतो, त्याला पानावर स्वतःची जागा असते. ठळक केलेल्या 'तीन'चा दुसरा 'तीन' पहिल्याच्या अंगावर असतो, त्याला स्वतःची जागा नसते. लेखकाने लिहिलेला शब्द जागा घेतो. म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली ती जागा मोजणारी: प्रत्येक शब्दाभोवतीचा चौकोन काढायचा, आणि सारखे दोन शब्द एकमेकांवर जवळपास पूर्ण पडत असतील तरच नोंद करायची. उडवायचं काही नाही, फक्त पान आणि ओळ लिहून ठेवायची. ठरवायचं माणसाने. दोनशेच्या वर जागा निघाल्या. 'कधी कधी' त्यांत एकदाही नव्हतं.

*

हे काम करताना मला राहून राहून आमच्याच जिल्ह्यातलं कारंजा आठवत होतं. कारंजा लाडला जैन मंदिरांत हस्तलिखितांचे जुने भांडार आहेत. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत या कवीचं 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केलं आणि ते १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत छापून आलं. अपभ्रंश ही आपल्या आजच्या भाषांच्या आधीची पायरी. त्या ग्रंथांच्या अभ्यासाला कारंज्याच्या भांडारांनी मोठा हात दिला.

हस्तलिखितं संपादित करणाऱ्या कुणालाही एक दुखणं भेटतं. नक्कल करणाऱ्या माणसाची नजर मूळ पोथीवरून उठते, पुन्हा पडते ती आधीच्याच शब्दावर, आणि तो शब्द किंवा ओळ दोनदा उतरते. मग संपादकाने ठरवायचं: कवीने दोनदा म्हटलंय की लेखनिकाने दोनदा लिहिलंय? पोथ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, छंद मोजायचा, मात्रा जास्त होतात का बघायचं. छंदात जागा नसेल तर तो शब्द लेखनिकाचा.

छंदात जागा नाही, किंवा पानावर जागा नाही. शतकं वेगळी आहेत, कसोटी तीच आहे. मला हे लक्षात आल्यावर बरं वाटलं. आपण काहीतरी क्षुल्लक, तांत्रिक काम करतोय ही भावना जरा कमी झाली.

*

डीटीपी ऑपरेटर वाशिमला भेटले. पन्नाशीतले गृहस्थ, मी त्यांना काका म्हणालो. दुकानात तीन कॉम्प्युटर, एक लॅमिनेशनचं मशीन, भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने. मी लॅपटॉप उघडून यादी दाखवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, मी तर सरांनी प्रूफवर ज्याले ज्याले गोल केला, ते जाड केलं."

"पण काका, बोल्ड का नाही केलं?"

"बोल्ड हायेच कुठं?"

आणि ते खरं होतं. पुस्तकाचा फॉन्ट एकाच वजनाचा होता. मराठीत ही जुनी अडचण. इंग्रजी फॉन्टबरोबर जाड, तिरपा, बारीक असे भाऊबंद येतात; देवनागरीत जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढावे लागतात, म्हणून एक वजन झालं तरी पुष्कळ, अशी वर्षानुवर्षं स्थिती होती. मग पानमांडणी करणाऱ्यांनी जुगाड काढला: शब्दावर शब्द ठेवा, केसभर सरकवा, जाड दिसतो. काकांनी तर फ्रेम अँकर करायची जादाची मेहनत घेतली होती, सरांनी ऐनवेळी मजकूर बदलला तर जाड शब्द मागे राहू नये म्हणून. हे निष्काळजी माणसाचं काम नव्हतं. फार काळजीने केलेलं काम होतं, फक्त डोळ्यांसाठी.

आता परिस्थिती बदलली आहे. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' हा फॉन्ट सात वजनांत मिळतो, फुकट आणि खुल्या परवान्यावर. गुगलचा नोटो देवनागरी तसाच. आम्ही पुस्तकाचा फॉन्ट बदलला, इवल्या फ्रेम काढून टाकल्या आणि त्या शब्दांना खरं बोल्ड दिलं. जोडाक्षरं तुटू नयेत म्हणून वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे ना, ते पाहिलं. शीर्षकांच्या मागे सावली म्हणून करड्या रंगाची दुसरी फ्रेम होती. तिच्या ऑब्जेक्ट एक्सपोर्ट ऑप्शन्समध्ये जाऊन टॅग्ड पीडीएफखाली 'आर्टिफॅक्ट' निवडलं. पुस्तकाच्या नावाचंही तेच. आकृतीतल्या शब्दांसह गट एक चित्र म्हणून ठेवला आणि वर्णनात नावं क्रमाने लिहिली. स्कॅन केलेली पानं मात्र काकांच्या मुलीने दोन संध्याकाळी बसून नव्याने टाइप केली. दोनदा ओसीआर झालेलं निस्तरण्यापेक्षा ते सोपं होतं.

मी लिहितोय त्यावरून वाटतं की सगळं भराभर झालं. नाही. फॉन्ट बदलल्यावर पानं वाढली, ९६ ची १०० झाली. काकांनी डोक्याला हात लावला, पुन्हा बसून ओळी आवळल्या, आणि ९६ वर आणली. छपाईचा खर्च सरांचा होता, आणि सोळा पानी फॉर्मच्या हिशोबात चार पानं जास्त म्हणजे काय, हे काकांनाच माहीत.

*

कायदा काय म्हणतो हेही सांगतो, कारण हे कुणाच्या चांगुलपणावर सोडायचं काम नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्याचं ४२ वं कलम म्हणतं, की छापील, ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सगळ्यांना वापरता येईल अशा रूपात मिळेल, हे सरकारने बघायचं. त्याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखीव केल्या, त्यांतली एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं.

म्हणजे जागा आहे. परीक्षेत लेखनिक मिळतो, केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान वीस मिनिटं जास्त द्यायला सांगितलं होतं. पण परीक्षेच्या आधीची दोन-तीन वर्षं असतात, आणि ती अशा फाइली ऐकण्यात जातात. डोळस मुलगा अभ्यासिकेत बसून सराव संच सोडवतो, उत्तर चुकलं तर आपलं कुठे चुकलं ते बघतो. दादाचं उत्तर चुकलं, तर त्याला आधी हे शोधावं लागतं, की चुकलं कोण: मी की फाइल? आणि फाइल कधीच कबूल होत नाही. तिच्या पानावर तर शब्द एकदाच आहे. शेजारचा म्हणतो, तुला नीट ऐकू आलं नसेल. असं चार वेळा झालं, की माणूस स्वतःच्या कानावर शंका घ्यायला लागतो. दादाने घेतली नाही, हे त्याचं थोरपण. पण सगळ्यांकडून तेवढ्या थोरपणाची अपेक्षा करणं बरं नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या हातून पीडीएफ निघत असेल. कॉलेजचं नियतकालिक, गणेश मंडळाची स्मरणिका, संस्थेचा अहवाल, क्लासच्या नोट्स. पाठवायच्या आधी एक करा. अँड्रॉइडवर टॉकबॅक असतं, आयफोनवर व्हॉइसओव्हर. फाइल उघडा, ते चालू करा, फोन उलटा ठेवा आणि एक पान ऐका. आधी बंद कसं करायचं ते मात्र बघून ठेवा, नाहीतर फोन हाताळताना रडकुंडीला याल. फोनवरची सगळी ॲप टॅगचं झाड सारखंच पाळत नाहीत, म्हणून जमलं तर संगणकावर एनव्हीडीएनेही ऐका. एक पान पुरतं.

हे काही नवीन नाही, असं काकांनीच मला सांगितलं. खिळे जुळवायच्या काळात प्रूफ दोघं मिळून तपासायचे. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट. दुसरा छापलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकायचा. त्या वाचणाऱ्याला कॉपी होल्डर म्हणत. प्रत्येक पान छापून जायच्या आधी एकदा तरी कुणाच्या तरी कानावरून जायचं. डीटीपी आलं, मूळ प्रतच कॉम्प्युटरवर टाइप होऊन यायला लागली, आणि दोघांतला एक जण कमी झाला. काका म्हणाले, "कान गेला छापखान्यातून."

नवी फाइल दादाकडे गेली. त्याने ती पूर्ण ऐकली आणि दोन दिवसांनी फोन केला. पान ४१ वर एक सावली राहिली होती, आणि एका प्रश्नात दोन पर्याय सारखेच होते. ती मात्र फाइलची चूक नव्हती, सरांची होती. सर स्वतः बोलले त्याच्याशी. काकांनी पुढच्या पुस्तकाची फाइलही ऐकून द्यायला सांगितली.

"ऐकतो," दादा म्हणाला, "पण फुकट नाही. प्रूफवाल्याले पानामागं देता तेवढे द्या."

काकांनी थोडी घासाघीस केली. पण दर ठरला.